वाकलेल्या पाठीवर दर्जा उभा राहत नाही

हिंगोली जिल्ह्याच्या हळदीला आता मोठा मान मिळाला आहे. २०२४ साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. वसमत येथे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर झाले. १४ जानेवारी २०२५ रोजी निजामाबादला राष्ट्रीय हळद मंडळ सुरू झाले. तेव्हापासून पुढाऱ्यांच्या भाषणात, मोंढ्यातील चर्चेत आणि शेतकरी मेळाव्यात 'दर्जा' हा शब्द सतत ऐकू येतो. दर्जेदार बेणे, दर्जेदार कुकर, दर्जेदार पॉलिश, दर्जेदार पॅकिंग. दर्जा सुधारला तर भाव मिळेल आणि परदेशाची बाजारपेठ उघडेल, असे सांगितले जाते. ते खोटे नाही.

परंतु हा दर्जा ज्यांच्या हातून घडतो त्या हातांची चर्चा मात्र कोठेही होत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसमतहून कुरुंद्याच्या रस्त्याने जाऊन पाहावे. ट्रॅक्टरने उकरलेल्या रानात बायकांची रांग कमरेत वाकून कंद वेचत असते. खळ्यावर दुसरी रांग उकिडवी बसून गड्ड्यापासून हळकुंडे वेगळी करत असते. त्यांत बौद्ध, मातंग, आदिवासी, बंजारा आणि इतर भूमिहीन कुटुंबांतील बायका असतात. सकाळी बसलेली बाई दुपारपर्यंत त्याच मुद्रेत असते. उठताना गुडघ्यावर हात टेकून उठते. ती उठताना किती वेळ लागला हे कोणी मोजत नाही. तिने किती घमेली भरली एवढेच मोजले जाते.

आमचे म्हणणे असे आहे की या बाईची कंबर आणि मालाचा दर्जा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. तो एकच प्रश्न आहे. जोपर्यंत हे मान्य होत नाही, तोपर्यंत दर्जाच्या गप्पा अर्धवट राहतील.

हळद तयार होण्याचा क्रम पाहिला की ही गोष्ट स्पष्ट होते. काढणीनंतर दोन-तीन दिवसांत हळद शिजवावी लागते. फेस येऊन विशिष्ट वास सुटेपर्यंत, सुमारे पाऊण ते एक तास, ती शिजवतात. कमी शिजली तर हळकुंड कडक व ठिसूळ राहते, जास्त शिजली तर रंग बिघडतो. नंतर पाच ते सात सेंटिमीटर जाडीचा थर पसरून १० ते १५ दिवस वाळवावी लागते. मग पॉलिश आणि शेवटी प्रतवारी. प्रत्येक टप्प्यावर माल बिघडण्याची जागा आहे आणि त्याच जागी माणसाचे शरीर मोडण्याचीही जागा आहे.

कंद वेचणारी बाई तासन् तास वाकलेली असेल तर मातीसकट कंद टोपल्यात जातो, घाईत हळकुंड मोडते, तोडलेल्या जागेतून पुढे बुरशीला वाट मिळते. कुकरचे तोंड खांद्याच्या वर असेल तर ओल्या हळदीचे जड घमेले उचलून ओतणारा गडी थकल्यावर भरणी कमी-जास्त करतो. एका बाजूला कच्चे, दुसऱ्या बाजूला गाळ. वाळवण जमिनीवर असेल तर उन्हात वाकून थर परतणे हे सर्वांत नकोसे काम ठरते. मग थर जाड घातला जातो, परतणे चुकते, खालचा माल ओला राहतो. प्रतवारी करणारी बाई दुपारनंतर अंधाऱ्या शेडमध्ये उकिडवी बसून डोळे ताणत असेल तर खडा, काडी, किडका गड्डा तिच्या हातातून निसटणारच. यात तिचा आळस शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. चूक तिच्या हातात घडते. पण ती चूक ज्याने शेड बांधली, कुकरची उंची ठरवली आणि कामाचे गुत्ते ठरवले त्याने आधीच करून ठेवलेली असते.

या विचाराला जगात शास्त्र म्हणून मान्यता आहे. त्याला 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. वोइचेख यास्त्रझेंबोव्स्की या पोलिश विद्वानाने १८५७ साली ग्रीक भाषेतील 'काम' आणि 'नियम' या अर्थाचे दोन शब्द जोडून हे नाव तयार केले. सोप्या भाषेत सांगायचे तर माणसाला कामाच्या मापात कोंबण्याऐवजी काम माणसाच्या मापाचे करण्याचे हे शास्त्र आहे. हातोड्याची मूठ, टेबलाची उंची, ओझ्याचे वजन, उजेड, विसावा, हे सगळे त्याचे विषय.

स्वीडनमधील एका मोटारगाडी जुळणीच्या कारखान्याचा अभ्यास योर्गेन एकलुंड या संशोधकाने १९९५ साली प्रसिद्ध केला. ज्या कामांत शरीराला त्रास होत होता, त्या कामांत मालातील दोष इतर कामांच्या तिप्पट आढळले. टोयोटा या जपानी कंपनीच्या उत्पादनपद्धतीत तीन शत्रू सांगितले आहेत. मुदा म्हणजे वाया जाणे, मुरा म्हणजे असमानता आणि मुरी म्हणजे माणसावर किंवा यंत्रावर झेपणार नाही इतका भार. जगातील नामांकित भांडवलदाराला कळले की कामगाराची पाठ मोडली की गाडीही बिघडते. त्याने ते दयेपोटी केले नाही, नफ्यासाठी केले. आमच्याकडच्या मालकाला नफ्याचेही गणित अजून नीट कळलेले नाही, कारण त्याच्या डोळ्यावर दुसरीच पट्टी आहे.

ती पट्टी जातीची आहे. हे विधान काहींना ओढूनताणून आणलेले वाटेल. म्हणून मुंबईच्या गिरण्यांचे उदाहरण देतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांत विणाई खात्यात पगार बरा होता. परंतु अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नव्हता. तो कमी पगाराच्या सूतकताईच्या खात्यात राहायचा. कारण काय? धोट्यातील कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. ज्या धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागले त्याला आपले तोंड कसे लावायचे, हा सवर्ण कामगारांचा प्रश्न होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्यांचा हक्क मागण्यांत घाला, नाहीतर आमच्या माणसांना संपापासून दूर राहण्यास सांगेन. तेव्हा कुठे नाइलाजाने ती मागणी घातली गेली. मालकांनी सोयीस्कर उत्तर दिले की हा अन्याय आम्ही निर्माण केलेला नाही.

आता या प्रसंगाकडे अवजाराच्या बाजूने पाहा. तोंडाने धागा ओढण्याची पद्धत कोणाच्याच हिताची नव्हती. कापसाचा कण छातीत जायचा आणि एकाच्या तोंडाचा रोग दुसऱ्याला लागायचा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच ही पद्धत कायद्याने बंद केली होती. हाताने धागा ओवता येईल असे धोटे निघालेले होते. म्हणजे अवजार बदलता येत होते. ते बदलले असते तर सवर्ण विणकराची छातीही वाचली असती आणि अस्पृश्याला दार बंद ठेवण्याचा बहाणाही उरला नसता. पण वाईट अवजार टिकले, कारण त्या अवजाराच्या आडोशाला जात सुखाने बसली होती.

हळदीच्या खळ्यावर यापेक्षा वेगळे काय घडते? येथेही वाईट पद्धत टिकून आहे, कारण ती ज्यांच्या पाठीवर टिकून आहे त्यांची पाठ दुखणे हे 'नैसर्गिक' मानले गेले आहे. 'त्यांना सवय असते' हे वाक्य आपण किती वेळा ऐकले आहे! झाडणारीला वाकायची सवय असते, हमालाला ओझ्याची सवय असते, गटारात उतरणाऱ्याला घाणीची सवय असते. सवय या शब्दाखाली मनुस्मृतीच लपलेली आहे. जो वाकतो तो काही ठरवत नाही आणि जो ठरवतो त्याला कधी वाकावे लागत नाही, ही जातिव्यवस्थेने केलेली कामाची रचना आहे.

१९३६ साली 'जातिनिर्मूलन' या प्रबंधात बाबासाहेबांनी याच मर्मावर बोट ठेवले. जात ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, हे त्यांचे प्रतिपादन आपण सभांतून नेहमी सांगतो. पण त्याला लागूनच त्यांनी मांडलेला आर्थिक मुद्दा आपण विसरतो. जे काम माणसाने निवडलेले नाही, ज्या कामाला समाज हलके मानतो, त्यात त्याचे मन आणि बुद्धी गुंतणार नाही आणि जेथे मन नाही तेथे कार्यक्षमता कशी येणार, असा त्यांचा सवाल होता. दर्जाच्या गोष्टी करणाऱ्या प्रत्येकाने हा सवाल आपल्या शेडच्या दारावर लिहून ठेवावा.

बाबासाहेब केवळ सवाल करून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणि हंगामी कारखान्यांतील ६० वरून ५० वर आला. हंगामी कामगार म्हणजे उसाच्या, कापसाच्या मोसमात राबणारा आपलाच माणूस. त्याच्याही आधी सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केले आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. थकलेल्या शरीराला विसावा मिळणे हा हक्क आहे, ही शिकवण आपल्याकडे फुले-आंबेडकरी चळवळीतून आली आहे. ती कोणत्याही परदेशी तज्ज्ञाकडून उसनी घेण्याची गरज नाही.

कायद्याचे काय? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४४ मध्ये उभ्याने काम करावे लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. तिच्या कलम २४ मध्येही ही सोय आहे. केरळने २०१८ साली आणि तामिळनाडूने २०२१ साली दुकानांतील कामगारांना बसण्याचा हक्क कायद्याने दिला. केरळात त्यामागे कापड दुकानांतील विक्रेत्या महिलांचा लढा होता.

परंतु यात एक फट आहे. कायद्याच्या डोळ्यापुढे उभा असलेला कामगार आहे. आपली बाई तर जमिनीवर बसलेली आहे! कायदा म्हणेल, तिला कशाची सोय हवी, ती बसलेलीच आहे ना! उकिडवे बसणे म्हणजे विश्रांती नव्हे. गुडघे पूर्ण मुडपून, कंबर गोल करून, मान खाली घालून चार-पाच तास काढणे हे उभे राहण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक कष्टाचे आहे. शिवाय या संहितेत आस्थापना ठरण्यासाठी सर्वसाधारणपणे दहा कामगार लागतात. आठ बाया आणि दोन गड्यांचे काम गुत्तेदाराच्या हिशेबात सहज दोन ठिकाणचे दाखवता येते. शेतातील खळे तर कारखान्यात मोडतच नाही.

ओझ्याचेही तसेच. पुरुष कामगाराने हाताने वाहायचे ओझे ५५ किलोपेक्षा अधिक असू नये, या दृष्टीने पावले उचलावीत, अशी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस आहे. त्याच वर्षीच्या कमाल वजनाच्या कराराला भारताने २०१० साली मान्यता दिली. अमेरिकेतील व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या १९९१ च्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोपर्यंतच ओझे शिफारसीत बसते. वाकून, वळून उचलायचे असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. मोंढ्यातील हमालाच्या पाठीवरचे पोते पाहिले की हे आकडे कोणत्या देशासाठी आहेत असा प्रश्न पडतो. जड पोते आपटले जाते, आकडा लावून ओढले जाते, फाटते आणि हळकुंडाचा चुरा होतो. त्या चुऱ्याचा तोटा शेतकऱ्याच्या पदरात आणि मणक्याचा तोटा हमालाच्या पदरात.

यावर शेतकरी विचारील, मीच कर्जात आहे, हळदीचा भाव एका वर्षी चढतो, दुसऱ्या वर्षी कोसळतो, मी मजुरांसाठी कोठून खर्च करू? हा प्रश्न प्रामाणिक आहे. हिंगोलीतील दोन-चार एकरांचा शेतकरी हा भांडवलदार नव्हे. पुष्कळ ठिकाणी तोही बहुजनच आहे आणि त्याच्या घरची बाईही त्याच रांगेत वाकलेली असते. म्हणून त्याला शत्रू ठरवून भागणार नाही. पण आपण मागतो आहोत ते फार महागही नाही. विटांच्या दोन ठाण्यांवर फळी टाकली की कमरेच्या उंचीचे प्रतवारीचे टेबल होते. वीतभर उंचीचे स्टूल गावचा सुतार करून देतो. कुकरजवळ दोन पायऱ्यांचा ओटा बांधला की घमेले खांद्यावर चढवावे लागत नाही. वाळवणासाठी लांब दांड्याचे दाताळे घेतले की वाकावे लागत नाही. शेडमध्ये एक पारदर्शक पत्रा टाकला की उजेड येतो. कुकरसाठी कर्ज मिळते, पॉलिशच्या यंत्रासाठी मिळते. मग त्याच प्रकरणात टेबल, स्टूल आणि ओटा का बसत नाही? २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. अशा कोणत्याही योजनेच्या प्रकल्प अहवालात यंत्राच्या किमतीचा रकाना असतो. कामगार कोठे आणि कसा बसणार, याचाही रकाना हवा.

दुसरा आक्षेप असा की यंत्र येईल आणि हे सगळे प्रश्न मिटतील. यंत्र अवश्य यावे. आंबेडकरी चळवळ यंत्राच्या विरोधात कधीच नव्हती. परंतु अनुभव असा आहे की यंत्र आले की त्याच्या बटणाजवळ पुरुष उभा राहतो आणि बाई एकतर घरी जाते किंवा यंत्राच्या तोंडाशी पुन्हा वाकून बसते. म्हणून यंत्राचे प्रशिक्षण ज्या बायका आज हे काम करतात त्यांना प्रथम द्यावे. कोणते हळकुंड आतून पोकळ आहे हे नुसत्या आवाजावरून सांगणारी बाई मोंढ्यातील अनेक व्यापाऱ्यांपेक्षा अधिक तज्ज्ञ असते. तिला मजूर म्हणून मोजले जाते, जाणकार म्हणून नाही. पद्धत सुधारायची असेल तर पहिला सल्ला तिचा घ्यावा. दुखते कोठे हे तिला माहीत आहे आणि माल बिघडतो कोठे हेही तिलाच माहीत आहे.

परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर काम झालेले आहे. परभणी हिंगोलीपासून दूर नाही. १ मे १९९९ पर्यंत हा जिल्हा परभणीचाच भाग होता. मग विद्यापीठातील अवजार भूमिहीन बाईच्या हातात का पोहोचत नाही? कारण अवजार सातबाऱ्याच्या मागे जाते. ज्याच्या नावावर जमीन त्याला प्रात्यक्षिक, त्याला अनुदान, त्याला मेळाव्याचे निमंत्रण. जिच्या हातात ते अवजार असणार तिच्या नावावर सातबाराच नाही.

याच औंढ्याच्या परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभारण्यास केंद्राने २०२३ साली मंजुरी दिली. अणूच्या गाभ्याहूनही सूक्ष्म हालचाल मोजणारे यंत्र ज्या जिल्ह्यात येणार, त्या जिल्ह्यात बाईच्या कमरेची उंची मोजून टेबल करणे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

आता थोडे आपल्या चळवळीविषयीही बोलले पाहिजे. मराठवाड्याने नामांतरासाठी रक्त सांडले, अत्याचारांविरुद्ध मोर्चे काढले, आरक्षणासाठी लढे दिले. ते लढे आवश्यक होते आणि आहेत. परंतु आपल्या आया-बहिणी ज्या खळ्यावर वर्षातील दोन-तीन महिने घालवतात, तेथील स्टूल, उजेड, पाणी आणि सावली हा आपल्या संघटनांना लढ्याचा विषय वाटला नाही. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी वर्गणी देणारी बाई त्याच आठवड्यात हळदीच्या ढिगापुढे उकिडवी बसलेली असते. तिच्या कंबरदुखीवर आपण औषधाची गोळी सांगतो, मागणी मांडत नाही.

म्हणून पुढील हंगाम सुरू होण्यापूर्वी गावोगावच्या कार्यकर्त्यांनी, महिला मंडळांनी आणि बचत गटांनी काही साध्या मागण्या ग्रामसभेत, बाजार समितीत आणि हळद केंद्रात लेखी मांडाव्यात. प्रतवारीसाठी टेबल आणि बैठक. कुकरला ओटा. पोत्याच्या वजनाला मर्यादा. दर दोन तासांनी विसावा, सावली आणि पिण्याचे पाणी. लहान मुलांसाठी पाळण्याची जागा. गुत्त्याचा दर असा की बाईला घाईत हळकुंड मोडावे लागू नये. आणि दर्जाविषयीच्या प्रत्येक समितीत प्रत्यक्ष काम करणाऱ्या महिलेला जागा. 'वसमत हळद' या नावाने माल विकायचा असेल तर त्या नावाच्या नियमांत माल कसा असावा एवढेच न लिहिता तो कोणत्या परिस्थितीत तयार व्हावा हेही लिहिले जावे.

मानांकन मातीला मिळाले, पाण्याला मिळाले, वाणाला मिळाले. ज्या हातांनी हळकुंड निवडले त्यांच्या वाट्याला अजून एक स्टूलही आलेले नाही. ते मागायला लाजू नये. स्वाभिमानाची चळवळ माणसाला ताठ उभे राहायला शिकवते. मग काम करतानाही त्याची पाठ ताठ राहील अशी व्यवस्था मागणे हा त्याच चळवळीचा पुढचा भाग आहे.